शब्दांनी घर बदललं, म्हणून ‘य’ रिकामा

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं नसतं. लाइट गेलेली असेल तर घरातही फार काही करता येत नाही. मग आमच्याकडे जुन्या वह्यांची कोरी पानं फाडली जातात, उभ्या रेघा मारल्या जातात आणि नाव-गाव-फळ-फूल सुरू होतं. आमच्या पानावर प्राणी आणि वस्तू असे आणखी दोन रकाने असतात. एकानं मनातल्या मनात क-ख-ग म्हणत जायचं, दुसऱ्यानं ‘स्टॉप’ म्हणायचं आणि जिथं अडलं त्या अक्षरावर सगळ्यांनी लिहायचं. दुसऱ्या कुणालाच न सुचलेला शब्द लिहिला तर दहा गुण, दोघांचा सारखा आला तर पाच-पाच.

परवा ‘य’वर स्टॉप झालं. सगळ्यांनी एकदम ‘अरे देवा’ केलं. नाव जमलं, गावात सगळ्यांचं येवला आलं. प्राण्यात याक. मराठी मुलांना याक माहीत असतो तो केवळ या खेळामुळे, असा माझा जुना संशय आहे. फळ, फूल दोन्ही रिकामे. पुढच्या डावाला ‘व’ आला आणि पेनं थांबेनात: वाघ, वासरू, विंचू, वटवाघूळ, वाटी, विळी, वरवंटा, वात. माझी दहा वर्षांची भाची वैतागून म्हणाली, “मामा, ‘य’वर देवानं काहीच का नाही केलं बे?”

प्रश्न चांगला होता. देवाचा यात दोष नाही. ‘य’ची वस्ती पूर्वी बरीच होती, ती उठून शेजारी ‘ज’कडे राहायला गेली.

भाचीला मी एक काम सांगितलं. “आधी ‘य’ म्हण. जिभेचा मधला भाग टाळूच्या दिशेनं वर जातो, पण टेकत नाही. आता ‘ज’ म्हण, जहाजातला नको, जीभमधला. जीभ तिथंच जाते, फक्त यावेळी टेकते.” दोन आवाजांत एवढंच अंतर. शब्दाच्या सुरुवातीला आपण आवाज जरा जोर देऊन काढतो. त्या जोरात जीभ टेकली की ‘य’चा ‘ज’ झाला. एखाद्या माणसाचं असं होणं म्हणजे बोबडं बोलणं. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांचंच झालं की ती भाषा होते. संस्कृतातल्या शब्दांचं प्राकृतात नेमकं हेच झालं आणि मराठी त्या प्राकृतांची नात आहे.

त्यामुळे संस्कृत यव आपल्याकडे जव म्हणून आला. बैलाच्या मानेवरचं योक्त्र होतं, त्याचं जोत झालं. यज्ञोपवीताचं जानवं झालं, योगी गावात आला तो जोगी होऊन. मला सगळ्यात आवडतं ते जातं. ते मूळचं यंत्र. आजी ज्यावर दळायची ते दगडाचं यंत्रच होतं, पण हजारो तोंडांतून येताना त्याचा ‘य’ घासून ‘ज’ झाला आणि मधला ‘न्त्र’ही झिजला. पुढे शिकलेल्या लोकांनी संस्कृत पोथीतून तोच शब्द कोरा करकरीत पुन्हा उचलला. सोलापुरात एकेकाळी अशी पुष्कळ घरं होती, जिथं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जातं असायचं आणि मागच्या शेडमध्ये यंत्रमाग धडधडायचा. एकाच शब्दाची दोन रूपं एका छपराखाली, आणि दोघांनी एकमेकांना ओळखलेलं नाही.

संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते. पत्रिकेवर यात्रा छापतात. पोरं मात्र ‘जत्रेला जाऊ’ म्हणूनच हट्ट करतात. (खरा सोलापूरकर यातलं काहीच न म्हणता ‘गड्ड्याला जाऊ’ म्हणतो, ते सोडा.) पत्रिकेतला शब्द पोथीतून आलेला आहे आणि पोरांचा तोंडातून. ‘य’च्या घरात आता राहिलेत ते बहुतेक पोथीतून परत आणलेले शब्द: युद्ध, योजना, यश, यज्ञ. हे शब्द झाडाला लागत नाहीत, म्हणून फळ-फुलांचे रकाने कोरे राहतात.

‘व’चं उलट झालं. तिथं मराठीनं घर सोडलंच नाही, घर सोडलं ते हिंदीनं. आपला वाघ तिकडे बाघ झाला, विंचू बिच्छू झाला, वीज बिजली आणि वाळू बालू. संस्कृतात या सगळ्यांच्या तोंडाशी ‘व’च होता. व्याघ्र, वृश्चिक, विद्युत, वालुका आठवून पाहा. ‘व’ म्हणताना ओठ जवळ येतात, पण पूर्ण मिटत नाहीत, ते मिटले की ‘ब’. उत्तरेकडच्या बऱ्याच भाषांत ते मिटले, बंगालीतही मिटले. मराठी आणि गुजरातीत उघडे राहिले. म्हणून आपल्या ‘व’मध्ये निसर्गाची एवढी गर्दी आहे. वड, वेल, वारा, वादळ, वासरू सगळे मूळच्या पत्त्यावरच राहतात.

याच कारणानं सोलापूरच्या पाट्यांवर ‘विडी कामगार’ असतं, बिडी नाही. पानाच्या विड्याला संस्कृतात वीटिका म्हणत. त्याच घराण्यातली हिंदीची बीड़ी आणि आपली विडी. तंबाखू भरून ज्या पानात ती वळतात त्याचा मात्र गोंधळ आहे. बाजारात ते तेंदूपान, ‘त’चं. पण झाडाला मराठीत टेंभुर्णी म्हणतात, आणि त्या नावाचं गाव आपल्याच माढा तालुक्यात पुणे रस्त्यावर आहे. म्हणजे खेळात ‘ट’ आला तर टेंभुर्णी गावातही चालते आणि फळातही. एकाच शब्दावर दोन रकाने! भाचीनं हे लगेच वहीच्या मागे लिहून घेतलं.

‘व’ आपल्याकडे किती काळ टिकून आहे, हे पाहायला लांब जायला नको. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना एकमेकींना मिळतात. तिथल्या संगमेश्वराच्या देवळातला एक शिलालेख सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. त्याचा काळ शके 940, म्हणजे इसवी सन 1018. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्यातले मराठी शब्द ‘वाछि तो विजेया’ असे वाचले जातात: वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर दोन ‘व’ कोरले आणि आज पाचवीतली पोरगी ते दोन्ही शब्द जवळजवळ तसेच वापरते. कुडल हा शब्द मात्र कन्नड आहे, अर्थ संगम. मराठीचा जुना लेख सापडावा तो कन्नड नावाच्या गावात, हे अगदी सोलापूरला शोभतं.

आता छत्रीचा ‘छ’. वस्तूंत छत्री झाली, छप्पर झालं, पुढे? हिंदीवाल्यांना छ-वर भरपूर मिळतं, कारण त्यांच्याकडे तो टिकला. मराठीत ‘छ’ घरंगळून ‘स’मध्ये पडला. त्यांची छुरी ती आपली सुरी. झाडाची छाल ती साल. ते छह मोजतात, आपण सहा. छाया आणि सावली हेही एकाच मुळाचे. सोलापूरच्या उन्हात ज्या शब्दाची सगळ्यात जास्त गरज, तोच ‘छ’कडून ‘स’कडे आला. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठीच्या घडणीवर मोठा अभ्यास केला. असले नियम त्यात एकेक करून तपासलेले आहेत.

‘क्ष’ची कहाणी याहून करुण. खेळात तो आला की आम्ही सरळ पुढचं अक्षर घेतो. पण त्याच्या घरी मोठमोठे लोक राहत होते. क्षेत्र उठून ‘श’कडे गेलं आणि शेत झालं. हिंदीत तेच ‘ख’कडे गेलं, म्हणून त्यांचं खेत. क्षीर ‘ख’मध्ये शिरून खीर झाली. क्षार खार झाला. पाणी पाझरतं त्या अर्थाच्या क्षर-पासून झर निघाला, त्याचा झरा. शेत, खीर, झरा यांची आडनावं वेगळी, पण पूर्वजांचं घर एकच.

आणि आपल्या जिल्ह्याचा ऊस! तो इक्षु. आधी ‘इ’चा ‘उ’ आणि ‘क्ष’चा ‘छ’ होऊन उच्छु झाला, मग मराठीच्या खोडीप्रमाणे ‘छ’चा ‘स’ झाला. एका दोन अक्षरी शब्दात तीन बदल. करंगळीएवढा शब्द, पण इतिहास केवढा.

डाळिंबाचंही असंच. सोलापुरात डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. पण संस्कृतात हे फळ ‘द’चं आहे, दाडिम. ‘द’ला जीभ दातांना लागते, ‘ड’ला ती मागे वळते. दाडिममध्ये पुढे ‘ड’ होताच, त्याच्या ओढीनं पहिलंही अक्षर मागे सरकलं असावं. मात्र दंशाचा डास झाला, दोहदाचे डोहाळे झाले, तिथं ओढणारा ‘ड’ नाही. तेव्हा यावर फार ठामपणे बोलू नये.

ण आणि ळ ही अक्षरं खेळात कुणी मोजतच नाही. पहिलीच्या तक्त्यातही ती लबाडी करूनच बसवलेली असतात: ण बाणातला, ळ बाळातला. बाकी सगळी चित्रं सुरुवातीच्या अक्षराची, ही दोनच शेवटच्या. कारण हे दोन आवाज शब्दाच्या मध्येच घडले. दोन स्वरांच्या मध्ये एकटा ‘ल’ सापडला की मराठीत त्याचा ‘ळ’ झाला. फल होतं ते फळ, जल ते जळ, काल तो काळ. शब्दाच्या सुरुवातीला मात्र ‘ल’च्या आधी स्वर नाही, त्यामुळे लसूण लसूणच राहिला. जोडीनं असलेला ‘ल’ही वाचला. बिल्वाचं प्राकृतात बिल्ल झालं, म्हणून महादेवाला वाहतो तो बेल, बेळ नाही. न आणि ण यांच्यातही साधारण असाच हिशेब आहे. तेव्हा ‘ळ’वर एकही फळ नाही, पण ‘ळ’शिवाय ‘फळ’ लिहिता येत नाही.

इथवर ऐकून कुणाला वाटेल की प्रत्येक अक्षरामागे नियम आहे. तसं नाही. आमच्या घरात ‘म’ आला की जिल्ह्याचा अभिमान उफाळतो. अकरा तालुक्यांपैकी चार ‘म’चे: माढा, मोहोळ, माळशिरस, मंगळवेढा. नदी माण. नान्नजच्या अभयारण्याचा पक्षी माळढोक. ज्वारी म्हणाल तर मालदांडी, तिचं नावाजलेलं वाण निवडलं गेलं ते मोहोळच्या संशोधन केंद्रात, आणि ती पिकवणारं कोठार मंगळवेढा. हातमाग नुसता माग म्हणून लिहिला तर तोही ‘म’. एवढे ‘म’ एका जिल्ह्यात का? कारण काही नाही. माळढोकाला माळावरून नाव पडलं, एवढं एक नातं खरं. बाकी निव्वळ योगायोग. वस्तूचा आणि तिच्या नावातल्या पहिल्या आवाजाचा मुळात काही संबंध नसतो. दगडाला दगड म्हणावं असं दगडात काही नाही.

अपवाद आहेत, ते बहुतेक झाडावर बसलेले असतात. कावळा, कोकिळा ही दोन्ही ‘क’ची पाखरं, संस्कृतातला कोंबडा कुक्कुट, तोही ‘क’चा. इथं माणसानं नाव ठेवलेलं नाही, पक्ष्यानं स्वतःचं सांगितलं आणि आपण लिहून घेतलं. टिटवी तर रात्री येऊन नाव सांगून जाते. ‘झ’मध्येही अशा नादाच्या शब्दांची रेलचेल आहे: झिमझिम, झुळझुळ, झुळूक. संस्कृतात ‘झ’नं सुरू होणारे शब्द बोटांवर मोजण्याइतके. मराठीत ते घर भरलं ते असल्या बोलीतल्या, नादातल्या शब्दांनी. ‘ढ’चंही तसंच: ढग, ढोल, ढेकूळ, ढेमसं.

याच्या उलट कोशात प आणि स यांची पानं संपता संपत नाहीत. त्यात उपसर्गांचा हात मोठा. प्र, परि, प्रति, सम्, सु हे शब्दाच्या पुढे लागले की शब्द त्या अक्षरात गेलाच. अगदी आपला पाऊससुद्धा. तो प्रावृष्, म्हणजे प्र आणि वृष्. वर्षाव, वर्षा ज्या मुळाचे त्याच मुळाचा. ‘प’च्या रकान्यात पाऊस लिहिताना आत एक ‘व’ लपलेला असतो. सोलापुरात पाऊस एरवीही लपलेलाच असतो.

अजून एक भानगड ‘च’ची. चहा म्हणा आणि चटणी म्हणा. अक्षर एक, आवाज दोन. चहा, चिमणी, चंद्र यांत जीभ टाळूला लागते, चटणी, चूल, चाक यांत दातांपाशी जाऊन ‘त्स’ होतं. चिंच म्हटलं तर एकाच शब्दात दोन्ही येतात, पुढे एक आणि मागे दुसरा. ‘जग’ शब्द तर दोन तऱ्हांनी म्हणता येतो: एक म्हणजे दुनिया, दुसरा म्हणजे जिवंत राहा. इ, ए आले की टाळूचा आवाज, आणि अ, आ, उ, ओ आले की घरगुती शब्दांत बहुधा दातांचा. चार हा आकडा या नियमात बसत नाही असं वाटतं, पण जुन्या कागदांत तो ‘च्यार’ असा लिहिलेला सापडतो, तेव्हा त्याचाही हिशेब लागतो. कडक भाकरीबरोबर शेंगाची चटणी मागताना हा सगळा विचार कुणी करत नाही, जीभ आपोआप बरोबर ठिकाणी जाते.

हे मी सांगत होतो तेव्हा शेजारच्या अक्का येऊन बसल्या होत्या. त्यांचं घर विणकरांचं, घरी तेलुगू. त्या चटणीचा ‘च’ अस्सल मराठी काढतात, कारण तेलुगूतही हा ‘त्स’ आहे. आमची सौभाग्यवती, म्हणजे भाचीची मामी, अक्कलकोटची. घरी कन्नड. तिची चटणी चाळीस वर्षांनंतरही चहाच्या ‘च’नंच होते, कारण कन्नडमध्ये तो दुसरा आवाजच नाही. त्यावरून तिला कुणी हसलं तर त्या दिवशी चटणी मिळत नाही.

भाचीला आता चेव आला होता. “अक्का, दुधाला काय म्हणता?” अक्का म्हणाल्या, “पालु.” मामी म्हणाली, “हालु.” “फूल?” “पुव्वु.” “हूवु.” “वाघ?” “पुलि.” “हुली.” पोरीनं कागदावर एका खाली एक लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिला सांगायची गरज उरली नव्हती. जुन्या कन्नडमध्येही हे शब्द ‘प’चेच होते. हजार-एक वर्षांपूर्वीपासून कन्नडनं सुरुवातीच्या ‘प’चे ओठ मिटणं हळूहळू सोडून दिलं, राहिली ती नुसती हवा, म्हणजे ‘ह’. मराठीत ‘य’नं घर सोडलं, हिंदीत ‘व’नं, कन्नडमध्ये ‘प’नं. खोड प्रत्येकीची वेगळी, पण खोड लागली की एकट्या-दुकट्या शब्दाला नाही, सगळ्या रांगेला लागते.

शेजाऱ्याकडून उसनं आणल्यामुळेही अक्षरं भरतात. घृतापासून हिंदीनं घी केलं. मराठीनं घृत पूजेपुरतं ठेवलं आणि जेवायला कन्नडकडून तुप्प आणलं. म्हणून वाढताना आपलं तूप ‘त’चं. अक्कांना आणि मामीला मात्र ‘ढ’, ‘घ’, ‘भ’ दिले तर अन्याय होतो. तेलुगू-कन्नडच्या मूळच्या शब्दांत असे फुंकरीचे आवाजच नाहीत, जे आहेत ते संस्कृतातून किंवा आमच्यासारख्या शेजाऱ्यांकडून आलेले. त्यामुळे त्या दोघी खेळायला बसल्या तेव्हा ही अक्षरं आधीच बाद करावी लागली.

खेळ तीन भाषांत सुरू झाला. प्रत्येकीनं आपापल्या भाषेत लिहायचं, आणि फळाच्या जागी धान्य. अक्का मनात मोजत होत्या, भाचीनं ‘स्टॉप’ म्हटलं. ‘ज’ आला. अर्ध्या मिनिटात सगळ्यांचे कागद खाली. भाचीनं लिहिलं होतं ज्वारी. मी जोंधळा लिहिलं होतं. मामीनं जोळ, अक्कांनी जोन्न. अभ्यासक यांचं नातं संस्कृत यवनालाशी जोडतात. तसं असेल तर हाही त्या ‘य’च्याच घरातून निघालेला. शब्द चार होते, अक्षर एक आणि धान्य एकच, जे रात्री भाकरी होऊन ताटात यायचं होतं.

भाची म्हणाली, सगळ्यांना दहा, कारण प्रत्येकाचा शब्द वेगळा. अक्का म्हणाल्या, पाच-पाच, कारण वस्तू एकच. लाइट आली, पंखा फिरला, कागद उडाले, तरी ते भांडण मिटलं नाही.